गेटच्या आतला आवाज

नंदिनीला नाटकाच्या आवाजाचा मिक्सर चालवता यायला लागला आणि तेव्हापासून तिला सगळं जगच बटणांचं दिसू लागलं. अकरावीच्या वर्गातली खुशबू एकदा बोलू लागली की थांबत नसे, म्हणजे तिला कम्प्रेसर हवा, जो जास्तीचा आवाज दाबतो, बारीक वर उचलतो, सगळं मापात आणतो. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून पुटपुटायचे, म्हणजे त्यांचा ट्रेबल, आवाजाची धार, वाढवायला हवा. शेजारच्या रुखमाबाई नळावर भांडायला उभ्या राहिल्या की त्यांचा दिवा थेट लाल! लाल दिवा म्हणजे आवाज फाटला. त्याच्या पुढे ऐकण्यासारखं काही उरत नाही.

"आन् तुह्या तोंडाचा फेडर कुठी हाय वं?" खुशबू विचारायची. "सापडला त खालीच ओढून ठेवतो एकदाचा."

नंदिनीला राग यायचा नाही. आजकाल तिला कशाचाच राग येत नव्हता. उन्हाळाभर ती नागसेनमामाच्या दुकानात बसली होती. मामाची वडशात साउंड सर्व्हिस, आणि वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेरघर. दिवाळीपासून होळीपर्यंत मामाचे भोंगे गावोगावच्या मांडवात. या वर्षी मामानं नवा डिजिटल मिक्सर आणला, आणि त्याच्या पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या पाहून स्वतःच कपाळाला हात लावला.

"हे त विमान हाय बाप्पा. मले बैलबंडी हाकता येते."

ते विमान नंदिनीनं मोबाइलवर पाहून पाहून शिकून घेतलं. गेन म्हणजे माइकमधून येणाऱ्या आवाजाला दार किती उघडायचं ते. फेडर म्हणजे आत आलेल्याला बाहेर किती सोडायचं ते. गेट मात्र तिच्या डोक्यात बसेना. शेवटी मामानंच ते सांगितलं.

"वाघ पाहाले जातेत त्या मोहर्लीच्या गेटवर काय करतेत? ज्याची बुकिंग त्याची जिप्सी आत, बाकीचे बाहेर उभे. तसंच हे. तू एक रेघ मारून द्याची. रेघेच्या वरचा आवाज आला की गेट उघडते. खालचा आला की बंद. पंखा, खोकला, विंगेतली खुसुरफुसुर, सारे बाहेर."

"म्हणजे हळू बोलणाऱ्याला जागाच नाही?"

"नाटकात हळू बोलते कोन?" मामा हसला. आणि लगेच गप्प झाला. कारण समोरच्या बाकावर त्याची बहीण, म्हणजे नंदिनीची आई, दोघांसाठी डबा घेऊन बसली होती.

आई म्हणजे नटी जयाबाई, आणि जयाबाई म्हटलं की वडशापासून कुरखेड्यापर्यंत माणसं मान वर करत. झाडीपट्टीत नट माइक हातात धरत नाहीत. मंचावर वरून माइक लटकतात. नट आपला संवाद घेऊन चालत त्याच्या खाली येतो, मान वर करतो आणि आवाज फेकतो. जयाबाई माइकच्या खाली यायच्या आधीच शेवटच्या रांगेतल्या, शेकोटीजवळच्या म्हाताऱ्याला ऐकू जायच्या. मामा सांगायचा, "मी तुह्या मायच्या गेनले कधी हात नाई लावला. लावला त कमीच कराले."

मग फाल्गुनात आईच्या गळ्यात गाठ निघाली. नागपुरात ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, घरात पेढे वाटले. पण शुद्धीवर आल्यावर आईनं पाणी मागितलं ते कुणाला ऐकूच आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं, गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्यातली एक हलत नाही. कधी कधी असं होतं. वर्षभरात परत येईल, किंवा येणार नाही. त्यावर औषध नाही, वाट पाहा.

तेव्हापासून आईचा आवाज म्हणजे नुसती हवा. फुंकणीतून यावी तशी. कुकरची शिट्टी झाली की आईचं बोलणं अर्ध्यात राही. नंदिनीला हाक मारायची तर आई ताटावर चमचा वाजवी, आणि नंदिनी जिथं असेल तिथून "आले!" म्हणून ओरडे. मुद्दाम मोठ्यानं. दोघींच्या वाटचं.

आणि आता दसरा झाला होता. सोमाजीभाऊंच्या कंपनीचं नवं नाटक बसत होतं, 'पाळ फुटली'. त्यात आईची भूमिका, खास जयाबाईंसाठीच लिहिलेली. तळ्याची पाळ, म्हणजे बांध, फुटते, मुलगी पाण्याच्या दिशेनं पळत असते आणि आई टेकाडावरून हाक मारते, "मागे फिर, चंपे! पाळ फुटली!" या एका हाकेवर नाटक उभं होतं. पोस्टर छापायला जायचं होतं. सोमाजीभाऊंनी मामाजवळ निरोप दिला: रविवारी तालमीत जयाबाई ती हाक मारतील. जमली तर फोटो त्यांचा. नाही तर नागपूरची नटी रंजीता आलेलीच आहे.

"मामा, मिक्सरवर मी बसते," नंदिनी म्हणाली.

"बस," मामा म्हणाला.

"मी आणते तिचा आवाज. गेन आहे, कम्प्रेसर आहे, इको आहे. एवढं सगळं कशासाठी आहे मग?"

मामा वायर गुंडाळत राहिला. नंदिनीला ते होकारासारखं वाटलं.

तालीम वडशातल्या एका राइस मिलच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये होती. पलीकडे भिंतीला भिंत लावून मिल. नवा हलका, लवकर पिकणारा धान यायला लागला होता आणि मिल दिवसभर घरघरत होती. हवेत कोंड्याचे कण उडायचे, तबल्यावर, पडद्यावर, सगळ्यांच्या पापण्यांवर बसायचे. बांबूच्या आडव्या काठीवरून तीन माइक लटकले होते. विंगेत खुर्ची टाकून बुधूभाऊ बसले होते, कंपनीचे जुने प्रॉम्प्टर. नट अडला की पुस्तकातून पुढची ओळ हळूच पुरवायची, हे त्यांचं काम. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. खलनायक अडला तेव्हा त्यांनी दोन पानं एकदम उलटली आणि त्याला नायिकेची ओळ पुरवली.

"अग बाई, माझा पदर सोडा!" असं खलनायक मिशीवर हात ठेवून बोलून गेला. गोडाऊन हसून हसून कोसळायचं बाकी राहिलं.

"बुधूभाऊ," सोमाजीभाऊ डोळे पुसत म्हणाले, "तुमी आता घरी नातू खेळवा जी."

आईही हसली. तिचं हसणं दिसलं, ऐकू आलं नाही.

मग तिची पाळी आली. रंजीता बाजूला स्टुलावर बसली होती, पाणी पीत. तिनं आईला वाकून "जय भीम, ताई" केलं होतं, चहा पहिल्यांदा आईला दिला होता. तिच्यावर राग धरायला काही जागाच नव्हती, याचाच नंदिनीला वैताग येत होता.

आई मधल्या माइकखाली आली. तिचे पाय आपोआप त्या जागी पडले. मान वर गेली, हात वर गेला. ओठ हलले.

स्पीकरमधून काहीच आलं नाही.

नुसतं काही नाही. पूर्ण काळोख असावा तसं. नंदिनीनं पडद्यावर पाहिलं. गेट! मामानं मिलची घरघर आत येऊ नये म्हणून गेटची रेघ मिलच्या वर मारली होती. आईचा आवाज रेघेच्या खाली राहिला. मशीननं मिल आणि आई दोघींना एकाच रांगेत उभं करून बाहेर ठेवलं होतं.

"थांबा थांबा, माझी चूक!" ती ओरडली, आणि बोटानं तिन्ही माइकांची रेघ खाली ओढली. थोडी. आणखी थोडी.

गेट उघडलं आणि भसकन् मिल आत आली. सगळं गोडाऊन घरघरू लागलं, स्पीकरच्या जाळ्या थरथरल्या. त्या घरघरीत कुठेतरी आई होती, पुरात वाहून चाललेल्या सुपासारखी, दिसली न दिसली अशी.

"काय करून राह्यली वं पोरी?" सोमाजीभाऊ कानावर हात ठेवून म्हणाले. "जयाबाईची हाक आयकाची हाय का मिलची?"

"भाऊ, एकच मिनिट. माझ्याकडे दुसरा उपाय आहे."

उपाय खरंच होता. तिनं मामाच्या पेटीतला कॉलर माइक काढला, नखाएवढा, आणि आईच्या पदराला, अगदी हनुवटीखाली लावला. माइक तोंडाजवळ, म्हणजे गेन कमी लागेल, मिल कमी येईल. मिक्सरवर एक रिकामी जागा होती, तिच्याखाली तिनं पांढरी चिकटपट्टी लावून पेननं लिहिलं: जया.

"आई, आता वर पाहू नको. लटकत्या माइकखाली जाऊ नको. इथंच मागं उभी राहा आणि सरळ बोल. कळलं?"

आईनं मान हलवली. कळलं.

आणि पहिलं वाक्य खरंच आलं! बारीक, घोगरं, पण आईचं. "चंपे, कुठं चाललीस गं..." मामाची मान झटकन वर झाली. रंजीतानं पेला खाली ठेवला. नंदिनीला वाटलं, आता उठून नाचावं. ती फेडर वर सरकवत गेली, हळूहळू, तव्यावरचं धिरडं उलटावं तशी जपून.

मग हाकेची जागा आली. आणि आईचे पाय चालू लागले.

हाक म्हणजे मधला माइक. ते तिच्या पायांना माहीत होतं, डोक्याला कोण विचारतो? नंदिनीच्या जन्माच्या आधीपासून ते पाय त्या जागी जात आले होते. नंदिनी दोन्ही हात हलवत होती, नको, आई, नको. पण संवाद सुरू असताना झाडीपट्टीची नटी मिक्सरवाल्याकडे पाहत नसते. आई थेट स्पीकरच्या तोंडासमोर, माइकखाली आली, मान वर करून छाती भरून घेतली...

कुईईईई!

अशी शिट्टी सुटली की छपराखालची कबुतरं फडफडली आणि तबलजीनं तबल्यावरच डोकं टेकलं. स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, गोल गोल. नंदिनीनं सगळं बंद केलं. शिट्टी थांबली. आई अजून मान वर करून उभी होती, हात वर, ओठ उघडे. हाक मारून झाली होती. कुणालाच ऐकू आली नव्हती.

"मामा, काहीतरी करा ना."

"मी काय करू, बाई?" मामा अगदी हळू म्हणाला. "ह्या डब्यात आवाज नाई राहत. आला त वाढवते, बस."

"आलाच आहे! मिलमुळे कळत नाहीये. सगळं त्या मिलमुळे!"

आणि ती पळाली. गोडाऊनच्या मागच्या दारातून, कोंड्याच्या ढिगावरून, थेट मिलमध्ये. मिल चालवणारे लच्छूभाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून पोत्यांत धान पाहत होते. नंदिनीनं त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं.

"मिल बंद? काऊन?"

"आईसाठी. माझी आई जयाबाई, तिची तालीम आहे."

लच्छूभाऊंनी टॉवेल काढला. "जयाबाई? आमच्या गावच्या शंकरपटात, बैलं पळवतेत त्या जत्रेत, नाटक होतं, त्याच्यात रडवलं होतं बाईनं. माही बायको तीन दिवस माह्याशी नीट बोलली नाई, नाटकातला नवरा वाईट म्हनून." त्यांनी बटणाकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. "मालक जेवाले गेला. मी चहा पेतो. चहा होतेवरी बंद. मंग नाई आयकनार."

मिल थांबली.

एवढी शांतता नंदिनीनं त्या भागात कधी ऐकली नव्हती. पलीकडच्या बाभळीवरचा पक्षीसुद्धा ऐकू येत होता. ती धावत परत आली, आईला स्पीकरपासून मागं नेऊन उभं केलं, लटकते माइक बंद केले, गेट पार काढून टाकलं, आता रोखायचं कुणाला? कॉलर माइकचा गेन वर, आणखी वर. कम्प्रेसर लावला, बारीक आवाजाला हात धरून वर चढवायला. थोडा इको, टेकाडावर उभी आहे असं वाटायला. बोटं झरझर चालत होती, एकही चूक होत नव्हती. सगळं बरोबर होतं. तिला माहीत होतं की सगळं बरोबर आहे.

"बोल, आई."

आईनं हाक मारली.

स्पीकरमधून मोठ्ठा श्वास आला. गोडाऊनभर श्वास. 'मागे'मधला म गेला नि ग गेला, उरली हवा; 'फिर'च्या फ चा फटाका फुटला, दिवा लाल झाला; आणि 'चंपे' म्हणताना आई मध्येच थांबली, कारण तेवढ्यातच तिची हवा संपली. इकोनं तो तुटका श्वास उचलून भिंतीवरून दोनदा परत आणून दिला.

आता मिल नव्हती. पंखा नव्हता, गेट नव्हतं, शिट्टी नव्हती. दोष द्यायला काहीच शिल्लक नव्हतं. नंदिनीचा हात गेनच्या बटणावर होता आणि बटण शेवटापर्यंत फिरून अडलं होतं. तरी ती फिरवतच होती.

पलीकडे लच्छूभाऊंनी कपबशी ठेवल्याचा आवाज आला, आणि मिल पुन्हा सुरू झाली.

सोमाजीभाऊ उठून आईजवळ गेले. त्यांचे डोळे ओले होते. नंदिनीला वाटलं, ओले आहेत म्हणजे झालं काम!

"जया," ते म्हणाले, "मले आयकू आली तुही हाक. मले येईनच, मी इतके वर्स आयकली. पन मांडवात नवीन मानूस बसते."

आईनं मान हलवली. जणू भाऊच अडले होते आणि तिला त्यांना पुढची ओळ पुरवायची होती. मग भाऊ चप्पलेकडे पाहत म्हणाले, "बुधूभाऊच्यानं आता होत नाई. खुर्ची रिकामी हाय. तुले सारं नाटक पाठ हाय. पुरवशीन का?"

"नाही!" नंदिनी मिक्सरमागून ओरडली. "आई, नाही म्हण. विंगेत बसून? रंजीताताईला तिची ओळ तू देणार?"

आई तिच्याजवळ आली. तिचं बोलणं ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे, तसा नंदिनीनं नेला.

"नाटकाच्या बाहेर मी जाऊ कुठी?" आई म्हणाली. "घरी ताट वाजवत बसू?"

दुसऱ्या दिवशी आई विंगेतल्या खुर्चीत बसली. डाव्या लटकत्या माइकच्या जवळच. मांडीवर पुस्तक होतं, पण ते मिटलेलं. रंजीता मंचावर. नंदिनी मिक्सरवर, कारण मामा म्हणाला होता, "आज नाई बसली त पुन्हा कधीच नाई बसनार." तिनं 'जया'ची चिकटपट्टी नखानं काढायचा प्रयत्न केला, ती अर्धी फाटून तिथंच राहिली.

प्रसंग चांगला रंगत होता. रंजीताचा आवाज टणक, मोकळा, मीटरच्या पिवळ्या दिव्यापर्यंत सहज जाणारा. हाकेच्या आधी ती क्षणभर अडली.

आणि स्पीकरमधून, सगळ्या गोडाऊनमध्ये, स्पष्ट आलं, "मागे फिर, चंपे. पाळ फुटली."

नंदिनी जागची हलली नाही. घोगरा, हवेचा, आईचा आवाज होता. काल तिनं आईसाठी लटकत्या माइकचं गेट खाली ओढलं होतं, ते तसंच राहिलं होतं. मामानं सकाळी उजवा आणि मधला नीट केला, डावा राहून गेला, आणि एका माइकची घरघर कुणाच्या लक्षात आली नव्हती. आज विंगेत कुजबुजलेलं, हाकेचा जोर न लावलेलं आईचं वाक्य डाव्या माइकनं जवळून उचललं, आणि मिलच्या घरघरीवर बसून ते बाहेर आलं. जे काल हवं होतं ते आज आलं.

मग रंजीतानं हाक मारली, तीच, मोठ्यानं. पण ती आता दुसऱ्यांदा आल्यासारखी झाली, आणि मागं बसलेले दोघं-तिघं हसले.

"थांबा!" सोमाजीभाऊंनी हात वर केला. "प्रॉम्प्टिंग बाहेर चाललं. पुन्हा घ्या."

विंगेतून आई पाहत होती. सरळ नंदिनीकडे. नंदिनीनं मान हलवली, नाही, मी नाही करणार. आईनं बोटानं डाव्या माइककडे दाखवलं, आणि मग तळवा पालथा करून खाली दाबला. पुन्हा दाबला. कणकेचा गोळा थापावा तसा, न रागावता. ओठही हलवले. ते नंदिनीला ऐकू आलं नाही, पण कळलं: दाब त्याले.

मामा मागे उभा होता. त्यानं हात पुढं केला नाही.

नंदिनीनं डाव्या माइकच्या गेटची रेघ बोटाखाली धरली आणि वर नेली. मिल गेली. तरी आईची कुजबुज येत होती. तिनं रेघ आणखी वर नेली. आई विंगेत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, मदत म्हणून, रेघ कुठं ठेवायची ते लेकीला नीट कळावं म्हणून. मागे फिर, चंपे. थोडी वर. मागे फिर, चंपे. आणखी थोडी.

मग स्पीकरमधून काहीच आलं नाही.

आईनं विंगेतून अंगठा वर केला. बरोबर.

रंजीता माइकखाली आली, मान वर करून उभी राहिली. मिक्सरच्या पडद्यावर डाव्या माइकची पट्टी गेटच्या अलीकडचा, दारात अडलेला आवाजही दाखवत होती. तिच्या अगदी तळाशी एक हिरवा ठिपका लागत होता, विझत होता, पुन्हा लागत होता. आई ओळ पुरवत होती. नंदिनी ठिपक्याकडे पाहत राहिली, आणि रंजीताची हाक सगळ्या गोडाऊनमध्ये घुमली.